सवय लागणे आणि सवय लावून घेणे

उद्दिष्टे

हा घटक वाचून झाल्यावर सवयीसंबंधी मराठीत रूढ असलेल्या क्रियापदांमधील भेद तुम्हाला सांगता यावा, सवय कशी जडते याविषयीचे मानसशास्त्रातील काही निष्कर्ष तपासून पाहता यावेत आणि त्यांच्या आधारे स्वतःच्या अभ्यासाची एक लहानशी योजना आखता यावी, एवढी अपेक्षा आहे. योजना लहानशीच का, याचे उत्तर पुढे येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्रावर मी अनेक वर्षे संपर्कसत्रे घेत आले आहे. सत्र संपल्यावर विद्यार्थी शंका विचारायला येतात तेव्हा त्यांच्या हातातील पुस्तकाकडे माझे लक्ष जाते. पहिल्या घटकाची पाने पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली असतात. दुसऱ्या घटकात खुणा विरळ होतात. तिसऱ्यापासून पुढे पुस्तक नवेकोरे. विचारले तर उत्तर बहुधा एकाच प्रकारचे मिळते : "मॅडम, पहिले पंधरा दिवस रोज दोन तास वाचले. मग घरात आजारपण आले आणि जे सुटले ते सुटलेच. माझ्यात चिकाटीच नाही."

या उत्तरातील शेवटचे वाक्य मला खटकते. हे सांगणारी माणसे कोण असतात? वीस वर्षे पहाटे उठून घरादाराचे डबे भरणारी गृहिणी, आळीपाळीने तिन्ही पाळ्यांत काम करणारा कामगार, सकाळी दूध घालून मग नोकरीवर जाणारा शेतकऱ्याचा मुलगा. ज्यांचे आयुष्यच चिकाटीवर उभे आहे, ती माणसे स्वतःपाशी चिकाटी नाही असे म्हणतात आणि त्या निदानावर विश्वास ठेवून पदवीचा नाद सोडून देतात. निदान चुकलेले असते. सवय कशी लागते याविषयीची त्यांची कल्पना चुकलेली असते, आणि त्या चुकीची शिक्षा ती स्वतःच्या स्वभावाला देतात. या घटकात आपल्याला ती कल्पना तपासायची आहे. मी मानसशास्त्राची नव्हे, भाषाविज्ञानाची अध्यापक आहे. त्यामुळे आरंभ आपल्या भाषेपासून करते.

'लागणे' आणि 'लावणे'

'मला वाचनाची सवय लागली' हे वाक्य पाहा. यात 'मी' हा कर्ता नाही. व्याकरणदृष्ट्या 'लागली' या क्रियापदाचा कर्ता 'सवय' आहे, आणि मी 'मला' या रूपाने बाजूला उभी आहे. ज्याच्या वाट्याला काही अनुभव येतो त्याला भाषावैज्ञानिक 'अनुभवक' म्हणतात. मराठीत अनुभवकाला बहुधा 'ला' हा प्रत्यय लागतो : मला भूक लागली, मला झोप लागली, मला ठेच लागली, त्याला नाटकाचे वेड लागले. या साऱ्या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. झोप 'लावायची' म्हणून कोणी लावू शकत नाही. अंथरूण घालावे, दिवा मालवावा आणि वाट पाहावी, एवढेच आपल्या हाती असते. मराठीने सवयीला या पंक्तीत बसवले आहे.

'लागणे' या अकर्मक क्रियापदाचे सकर्मक भावंड म्हणजे 'लावणे'. आई मुलाला सवय लावते. प्रौढ माणसाला मात्र सवय लावायला दुसरे कोणी नसते. तेव्हा मराठी एक संयुक्त क्रियापद पुढे करते : 'लावून घेणे'. 'मी पहाटे उठण्याची सवय लावून घेतली.' या 'घेणे'मुळे क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते. लावणारा मीच आणि लागणारी सवयही मलाच. एकाच माणसाने आईही व्हायचे आणि मूलही व्हायचे, असा हा अवघड प्रयोग आहे.

स्वयंपाकघरातील एक उदाहरण घेऊ. रात्री कोमट दुधात चमचाभर ताक घालून आपण विरजण लावतो. सकाळी दही लागलेले असते. विरजण लावणे आपल्याकडे आहे, दही लागणे आपल्याकडे नाही. ते जिवाणूंचे, उबेचे आणि वेळेचे काम आहे. अधीर होऊन दर तासाला भांडे हलवून पाहिले तर दही विस्कटते. शिवाय विरजणाला पातेलेभर ताक लागत नाही. जास्त घातले तर दही आंबट होते.

माझ्या विद्यार्थ्यांची चूक नेमकी इथे होते. ते 'लागणे' हे थेट करायला जातात. रोज दोन तास वाचनाचा निश्चय हा वस्तुतः सवय आधीच लागली आहे असे गृहीत धरून केलेला निश्चय असतो.

'अभ्यास' या शब्दाचा इतिहास

मराठीत 'अभ्यास' म्हटले की पुस्तक, वही आणि परीक्षा डोळ्यांपुढे येतात. संस्कृतात या शब्दाचा गाभ्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणे' असा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील पहिल्या पादात अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत : तो दीर्घ काळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि आदराने व्हावा. रोज किती, याचा उल्लेख त्यांत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन चंचल असल्याची तक्रार अर्जुन करतो तेव्हा श्रीकृष्णाच्या उत्तरातही हाच शब्द येतो.

पाणिनीच्या व्याकरणात 'अभ्यास' ही एक पारिभाषिक संज्ञा आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. काही रूपांमध्ये धातूचे द्वित्व होते. 'दा' या धातूपासून 'ददाति' हे रूप होते. या द्वित्वातील पहिल्या भागाला, म्हणजे आरंभीच्या 'द'ला, पाणिनी 'अभ्यास' म्हणतो. आता गंमत पाहा : मूळ धातू 'दा' दीर्घ आहे, पण अभ्यासात तो ऱ्हस्व होऊन 'द' उरतो. 'धा' धातूचे 'दधाति' होते. तेथे 'ध'मधील महाप्राणही गळतो. ज्याची आवृत्ती करायची ते आवृत्तीत हलके होऊन येते. व्याकरणाच्या नियमांतून जगण्याचे नियम काढू नयेत, हे मी वर्गात नेहमी बजावते. तरीही हा एक नियम सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

वळण, कित्ता आणि परवचा

लहान कृतीच्या आवृत्तीतून कायमची सवय घडवण्याची कला आपल्या परंपरेत जुनी आहे. 'वळण' या शब्दाचे अर्थ पाहा. रस्त्याचे वळण, अक्षराचे वळण आणि मुलांना लावायचे वळण. तिन्ही ठिकाणी दिशा एकदम न बदलता हळूहळू बदलते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. ग्रंथातील पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. असे वळण येण्यासाठी कित्ता असे. वरच्या ओळीत नमुना आणि खाली तेच पुन्हा पुन्हा. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार आज आपण थोडा उपहासाने वापरतो. तो तितका उपहासास्पद नाही.

याहून बोलके उदाहरण परवच्याचे. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. दिवेलागण झाली, देवापुढे दिवा लागला, की हातपाय धुऊन मुलांनी बसायचे, शुभंकरोति म्हणायचे आणि मग पाढे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. पूर्णांकांचे पाढे वेगळेच. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना नवल वाटते. या परवच्याला घड्याळ नव्हते. उन्हाळ्यात दिवा उशिरा लागे, हिवाळ्यात लवकर लागे. परवचा दिव्यामागून येई. तो लांबलचकही नव्हता. 'आज परवचा म्हणावा का?' असा प्रश्न मुलाला पडत नसे, कारण तो प्रश्न दिव्याने आधीच सोडवलेला असे. (त्यात धपाट्यांचा वाटाही होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. प्रौढ विद्यार्थ्याला तो उपाय उपलब्ध नाही.)

भविष्यकाळ आणि '-ल्यावर'

'मी उद्यापासून रोज वाचेन' हा संकल्प भविष्यकाळात आहे. मराठीच्या भविष्यकाळाची घडण मोठी उद्बोधक आहे. 'करी', 'बसे', 'येई' ही रूपे जुन्या मराठीत वर्तमानकाळाची होती. आधुनिक मराठीत ती रीतिभूतकाळाची झाली. 'आजोबा रोज पहाटे ओवीचे वाचन करी' असे आपण म्हणत नाही, 'करीत' म्हणतो. पण 'तो रोज नदीवर जाई' यातले 'जाई' हे तेच रूप आहे. वारंवार घडलेल्या गोष्टीसाठी वेगळा काळ ठेवणारी आपली भाषा आहे. आता याच जुन्या रूपाला 'ल' जोडला की भविष्यकाळ होतो : करी–करील, बसे–बसेल, येई–येईल. जे भविष्यात होईल त्याच्या पोटात जे नेहमी होई ते बसलेले आहे. नुसत्या 'ल'वर भविष्यकाळ उभा राहत नाही.

मग संकल्पाचे वाक्य कसे असावे? पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात असे मांडले की, 'मला अमुक साधायचे आहे' या हेतूपेक्षा 'अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन' अशी योजना अधिक वेळा पार पडते. प्रसंग समोर आला की कृती आठवावी लागत नाही. ती त्याच्या पाठोपाठ येते. या योजनेसाठी मराठीत तयार प्रत्ययच आहे : '-ल्यावर'. जेवण झाल्यावर, गाडी लावल्यावर, दार लावून घेतल्यावर. ज्या घटनेला '-ल्यावर' जोडता येते तिला आपण येथे 'निमित्त' म्हणू.

निमित्त घड्याळातले असावे की घटनेतले, हा प्रश्न नोकरदार विद्यार्थ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ माझ्या केंद्रावर होते. त्यांची कामगिरी दर आठवड्याला बदले. 'रात्री नऊ ते दहा अभ्यास' हे त्यांचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात मोडले, कारण नऊ वाजता ते कधी घरी, कधी घाटात, तर कधी मुक्कामाच्या गाडीवर असत. दोन वर्षे ते परीक्षेला बसलेच नाहीत. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी बसून त्यांच्या दिवसात रोज हमखास घडणारी घटना शोधली. ती एकच निघाली : दिवसभराच्या तिकिटांचा हिशेब जुळवणे. ते जेथे असतील तेथे, ज्या वेळी असतील त्या वेळी, हिशेब जुळवावाच लागे. 'हिशेब जुळल्यावर एक पान वाचायचे' असे वाक्य त्यांनी पुस्तकाच्या आतल्या बाजूस लिहिले. पुस्तक हिशेबाच्या कागदांसोबत त्याच पिशवीत ठेवले. एक पान हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता, हे मला आठवते. ते म्हणाले, "एवढ्याने काय होणार?" त्या वर्षी ते सहापैकी चार विषयांत उत्तीर्ण झाले. उरलेले दोन विषय पुढच्या वर्षी सुटले.

दुसरे उदाहरण एका एकत्र कुटुंबातील सुनेचे. तिच्या दिवसात घटना भरपूर होत्या, पण एकही तिच्या मालकीची नव्हती. जेवणे झाल्यावर म्हणावे तर कोणी तरी हाक मारी. दुपारी म्हणावे तर पाहुणे येत. निमित्त नुसते नियमित असून भागत नाही. त्यानंतरची पाच मिनिटे कोणी हिरावून घेणार नाही, असे ते असावे लागते. तिला ते रात्री विरजण लावण्यात सापडले. घरातील शेवटचे काम, स्वयंपाकघरात दुसरे कोणी नाही, ओटा पुसलेला. विरजणाचे भांडे झाकल्यावर ती ओट्यापाशी उभ्यानेच एक परिच्छेद वाची. सवयींवरील लोकप्रिय पुस्तके वाचताना मला नेहमी जाणवते, की त्यांचा वाचक स्वतःच्या वेळेचा मालक आहे असे ती गृहीत धरतात. आपल्याकडील अनेक स्त्रियांच्या बाबतीत खरा प्रश्न तिथेच असतो, आणि तो केवळ सवयीच्या शास्त्राने सुटत नाही.

किती दिवस?

'कोणतीही सवय २१ दिवसांत लागते' हे विधान तुम्ही ऐकले असेल. त्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकात सांगितले जाते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, अशा अर्थाचे त्याचे निरीक्षण होते. सांगोवांगी होताना त्यातला 'किमान' गळाला आणि 'चेहऱ्याला सरावणे' याच्या जागी 'कोणतीही सवय' आली. विधानातील एक विशेषण गळाल्याने किती अनर्थ होतो, याचा हा उत्तम नमुना म्हणून मी तो भाषेच्या वर्गातही सांगते.

प्रत्यक्ष मोजमापाचा एक प्रयत्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी लहान कृती निवडली आणि ८४ दिवस ती रोज ठरावीक निमित्तानंतर केली. कृती कितपत आपोआप होते याची ते नोंद करीत. ती आपोआप होण्याची पातळी स्थिरावायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला. मात्र व्यक्तिपरत्वे हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. (प्रयोग ८४ दिवसांचाच होता, २५४ हा आकडा आलेखाची रेषा पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, हे लक्षात ठेवावे.) पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला अधिक काळ लागला. तेव्हा शेजारणीला महिन्यात जमले आणि मला तीन महिन्यांत जमले नाही, यावरून स्वतःविषयी काहीही सिद्ध होत नाही.

या आलेखाचा आकारही ध्यानात घेण्यासारखा आहे. आरंभीच्या आवृत्त्यांनी तो झपाट्याने चढतो, मग चढ मंदावतो आणि शेवटी तो सपाट होतो. पहिल्या काही आठवड्यांतील प्रत्येक आवृत्ती मोलाची असते. आणि नेमक्या याच काळात आपण कृती मोठी ठेवून आवृत्त्या गमावतो.

खाडा

आता त्या आजारपणाकडे येऊ. लॅलींच्या अभ्यासात असेही दिसले, की एखाद्या दिवशी कृती चुकली तर सवय घडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा येत नाही. एक खाडा म्हणजे एक खाडाच. तो सवय मोडत नाही. योगसूत्रांतील 'खंड न पडता' ही अट आणि हा निष्कर्ष यांत विरोध आहे का? मला तो तेवढा वाटत नाही. खंड पडणे म्हणजे कृती थांबणे नव्हे, धागा सोडून देणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली तर धागा हातातच असतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. संशोधनासाठी जुना पत्रव्यवहार वाचण्याची गरज पडली म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी मोडी लिपी शिकायला घेतली. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगायची असतात. बाळबोधाच्या सवयीचा हात हे ऐकायला तयार नसतो. दर रविवारी तीन तास असा माझा बेत होता. पहिले तीन रविवार उत्तम गेले. चौथ्या रविवारी लग्न निघाले, पाचव्या रविवारी मागचे तीन तासही भरून काढायचे म्हणून टेबलाशी बसले आणि डोके धरून उठले. त्यानंतर वही चार महिने उघडली नाही. खाड्याने माझे नुकसान केले नव्हते. खाडा भरून काढण्याच्या हट्टाने केले. पुढे मी बेत बदलला. सकाळचा चहा झाल्यावर मोडीची एक ओळ लिहायची, आणि ती लिहिल्याशिवाय वर्तमानपत्राची घडी उघडायची नाही. चुकलेल्या दिवसाची ओळ दुसऱ्या दिवशी लिहायची नाही, हा नियम मी मुद्दाम केला. सुमारे पाच महिन्यांनी एका पत्रातील तीन शब्द अक्षरे न जुळवता एकदम वाचता आले. त्या दिवशी वर्तमानपत्र दुपारपर्यंत तसेच राहिले.

लहान म्हणजे किती लहान

बी. जे. फॉग या स्टॅनफर्डच्या संशोधकाने या विषयावर २०१९ मध्ये पुस्तक लिहिले. कृती इतकी लहान ठेवावी की ती करायला उत्साहाची गरजच पडू नये, हा त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो. उत्साह हा पाहुणा आहे. त्याच्या येण्यावर घर चालवता येत नाही. कसोटी अशी ठेवावी : ताप आहे, वीज गेली आहे, मन खट्टू आहे, अशा दिवशीही जी कृती करता येईल ती पुरेशी लहान. बऱ्या दिवशी तीच कृती आपण होऊन वाढते. एक परिच्छेद वाचायला घेतलेला माणूस पुष्कळदा तीन पाने वाचून उठतो. मात्र त्याने दुसऱ्या दिवसाचे माप तीन पानांचे करू नये. माप एका परिच्छेदाचेच ठेवावे.

येथे एका लोकप्रिय हिशेबाविषयी सावध करणे आवश्यक आहे. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षात माणूस सुमारे ३७ पटींनी सुधारतो, असे सांगितले जाते. १.०१ या संख्येचा ३६५ वा घात काढला तर उत्तर बरोबर येते. परंतु माणूस म्हणजे बँकेतील ठेव नव्हे. वाचनाचा वेग किंवा लेखनाची समज रोज एक टक्क्याने चक्रवाढ होत नाही. काही महिने काहीच वाढल्यासारखे दिसत नाही. हा हिशेब खरा मानणारा विद्यार्थी दुसऱ्या महिन्यात निराश होतो.

आणि दुसरी मर्यादा. रोज एक पान वाचून बी.ए.चा अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, हे मलाही कळते. परीक्षेच्या आधी जास्त बसावे लागते, स्वाध्याय लिहिण्यासाठी सुटीचा दिवस द्यावा लागतो. लहान कृतीचे काम अभ्यासक्रम संपवणे हे नाही. पुस्तक परके होऊ न देणे हे तिचे काम आहे. ज्याने पाच महिने रोज पुस्तक हातात घेतले आहे, त्याला परीक्षेच्या महिन्यात चार तास बसणे जड जात नाही. ज्याने पाच महिने ते पाहिलेच नाही, त्याला ते उघडण्याचीच भीती वाटते.

जुन्या सवयींविषयी थोडेसे

'सवय' हा शब्द पूर्वी 'संवय' असा लिहीत. 'नांव', 'कांही', 'पांच' यांप्रमाणे उच्चारात नसलेला तो अनुस्वार १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी गेला. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. नवे नियम आल्यावर फळ्यावर ते कटाक्षाने 'नाव' लिहीत. घरी पत्र लिहायला बसले की मात्र शेवटपर्यंत 'नांव' लिहीत राहिले. माणूस एक, हात एक. पण खडूची सवय निराळी आणि टाकाची निराळी.

सवय माणसात जितकी असते तितकीच ती जागेत आणि वस्तूतही असते. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोजनिशींवर आधारित संशोधनात, विद्यार्थ्यांच्या दैनंदिन कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज आणि बहुधा त्याच ठिकाणी होत असल्याचे आढळले. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, परिस्थिती सारखी राहिली तेथे जुन्या सवयी टिकल्या आणि ती बदलली तेथे ढिल्या झाल्या, असे दिसले. मोबाइल उशाशी ठेवून 'मी तो पाहणार नाही' असे ठरवणे म्हणूनच फसते. तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि उशाशी हे पुस्तक ठेवावे. 'सवय मोडली' या वाक्यात ती कोणी मोडली की आपली आपण मोडली, हे कळत नाही. 'मोडणे' हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. बहुतेक जुन्या सवयी दुसऱ्या अर्थाने मोडतात : त्यांचे निमित्त काढून घेतले की त्या हळूहळू आपल्या आपण मोडतात.

स्वयं-अध्ययन

१. 'लागणे' हे क्रियापद वापरून अनुभवकाला 'ला' प्रत्यय असलेली पाच वाक्ये लिहा. त्यांपैकी कोणत्या वाक्यांत 'लावून घेणे' हा प्रयोग शक्य आहे आणि कोणत्या वाक्यांत नाही, ते सांगा. 'झोप लावून घेणे' का चालत नाही, याचा विचार करा.

२. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तिच्या लहानपणच्या नित्यक्रमाविषयी विचारा. तिच्या उत्तरातील रीतिभूतकाळाची रूपे टिपून घ्या. प्रत्येक कृतीचे निमित्त घड्याळाचे होते की घटनेचे, याची नोंद करा.

३. कालच्या दिवसात घडलेल्या आणि उद्याही हमखास घडणार असलेल्या तीन घटना लिहा. ज्या घटनेनंतरची पाच मिनिटे तुमची स्वतःची आहेत, तिच्यावर खूण करा. तिला '-ल्यावर' जोडून या पुस्तकासंबंधी एक वाक्य तयार करा आणि ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहा. निमित्त चुकीचे निवडले आहे असे आठवड्याभराने लक्षात आले, तर ते खोडून दुसरे लिहिता येईल.